गळ्यातल्या चार दाण्यांचा शोध

१८४९ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला गेंडा मेला. तो आपल्याकडून नेलेला भारतीय एकशिंगी गेंडा होता आणि पंधरा वर्षं लंडनकरांनी त्याला कुतूहलाने पाहिलं होतं. मेल्यावर त्याचं धूड विच्छेदनासाठी रिचर्ड ओवेन यांच्याकडे गेलं. ओवेन हे त्या काळातले ब्रिटनचे सर्वांत नावाजलेले शरीररचनाशास्त्रज्ञ. 'डायनोसॉर' हे नाव त्यांनीच दिलं. एवढा मोठा आणि दुर्मीळ प्राणी हाती आल्यावर त्यांनी कातडीपासून आतड्यांपर्यंत सगळं उकलून पाहिलं, मोजलं, लिहून ठेवलं. १८५० साली त्यांनी लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीपुढे यावर जो लांबलचक निबंध वाचला, त्यात गळ्याचं वर्णन करताना एक बारीकशी नोंद आहे. थायरॉईड ग्रंथीला चिकटून, तिच्यातून शिरा बाहेर पडतात त्या जागी, एक छोटा, घट्ट, पिवळसर गोळा त्यांना दिसला होता. तेवढं लिहून ओवेन पुढच्या अवयवाकडे वळले.

पॅराथायरॉईड ग्रंथीची ही पहिली लेखी नोंद मानली जाते. तिचा अर्थ ओवेन यांना कळलेला नव्हता, आणि तो निबंध वाचणाऱ्यांपैकीही कुणाला तो लावावासा वाटला नाही. माणसाच्या गळ्यातही अशा ग्रंथी असतील का, हे कुणी तपासलं नाही.

त्या असतात. बहुतेकांच्या गळ्यात चार असतात, थायरॉईडच्या मागच्या अंगाला, दोन वर आणि दोन खाली. काहींना पाचवीही असते. एकेक ग्रंथी तांदळाच्या दाण्याएवढी, रंगाने पिवळट तपकिरी; चारींचं मिळून वजन ग्रॅमच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढं. भोवतीची चरबीही त्याच रंगाची, त्यामुळे नजर सहज घसरते. व्हेसालियसचा शरीररचनेवरचा महाग्रंथ १५४३ साली छापला गेला. तेव्हापासून तीनशे वर्षं युरोपातल्या प्रत्येक वैद्यकीय शाळेत प्रेतं फाडली जात होती, गळे उकलले जात होते. हृदयाच्या झडपा, कानातली हाडं, मेंदूच्या घड्या, सगळ्यांना नावं मिळून चुकली होती. या चार दाण्यांवरून मात्र हजारो चिमटे आणि कात्र्या फिरून गेल्या. माणसाच्या शरीरातल्या महत्त्वाच्या अवयवांपैकी हा सर्वांत शेवटी सापडलेला, आणि तो सापडला एका विद्यार्थ्याला.

इव्हार साँडस्ट्रोम हा स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात वैद्यक शिकत होता. १८७७ साली, पंचविशीत असताना, कुत्र्याच्या गळ्याचं विच्छेदन करताना थायरॉईडच्या आवरणातच बसलेला एक इवलासा दाणा त्याला दिसला. ही थायरॉईडचीच सुटलेली कणी असेल किंवा लसिकाग्रंथी असेल, असं म्हणून तो पुढे गेला असता तर त्याला कुणी दोष दिला नसता. आधीच्या सगळ्यांनी बहुधा तेच केलं होतं. साँडस्ट्रोमने तो दाणा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. आतली रचना थायरॉईडसारखी नव्हती, लसिकाग्रंथीसारखीही नव्हती. मग त्याने मांजर, ससा, बैल, घोडा असे एकेक प्राणी तपासले आणि शेवटी माणसांकडे वळला. ५० प्रेतं तपासली. त्यांतल्या ४३ प्रेतांमध्ये दोन्ही बाजूंना दोन-दोन ग्रंथी सापडल्या. उरलेल्यांचीही नोंद त्याने प्रामाणिकपणे ठेवली. या ग्रंथींना 'पॅराथायरॉईड' हे नाव त्यानेच दिलं.

१८८० साली त्याचा निबंध उप्सालातल्या वैद्यकीय मंडळाच्या नियतकालिकात छापून आला. तो होता स्वीडिश भाषेत. त्या काळी वैद्यकाची भाषा जर्मन होती, फ्रेंच होती. स्वीडिश निबंध स्वीडनबाहेर कोण वाचणार? जर्मनमध्ये त्याचा जेमतेम सारांश पोहोचला. या ग्रंथींचं काम काय, हे साँडस्ट्रोमला माहीत नव्हतं आणि तसा आवही त्याने आणला नाही. मात्र या ग्रंथींनाही रोग होत असतील, त्यांच्यात गाठी होत असतील, तेव्हा वैद्यांनी इकडे लक्ष द्यावं, असं त्याने सुचवून ठेवलं होतं. ते खरं ठरायला पुढची पंचेचाळीस वर्षं लागली. साँडस्ट्रोम स्वतः नैराश्याने ग्रासलेला होता. १८८९ साली, वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षी, त्याने आत्महत्या केली. आपण काय शोधलं आहे हे जगाला कळल्याचं त्याला पाहायला मिळालं नाही. वैद्यकाच्या इतिहासात अकाली गेलेली माणसं पुष्कळ आहेत, पण मला या तरुणाइतकी चटका लावणारी दुसरी आठवत नाही.

त्याचा निबंध उप्सालात धूळ खात होता, त्याच वर्षांत व्हिएन्ना आणि बर्नमधल्या शस्त्रक्रियागृहांत या ग्रंथींविषयीच्या अज्ञानाची किंमत रुग्ण मोजत होते.

आल्प्सच्या दऱ्याखोऱ्यांतल्या पाण्यात आणि मातीत आयोडीन फार कमी. त्यामुळे तिथे घरोघरी गलगंड. काहींचा गलगंड इतका वाढे की श्वासनलिका दबून माणूस गुदमरे. तो कापून काढणं म्हणजे मरणाशी गाठ होती, कारण थायरॉईडमध्ये रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. थिओडोर बिलरोट हे त्या काळचे युरोपातले पहिल्या फळीचे शल्यविशारद. झुरिकमध्ये असताना त्यांच्या गलगंडाच्या रुग्णांपैकी दहांतले जवळपास चार दगावले, आणि त्यांनी ही शस्त्रक्रियाच कित्येक वर्षं बंद ठेवली. पुढे जंतुनाशकांचा वापर रूढ झाल्यावर व्हिएन्नात त्यांनी ती पुन्हा सुरू केली. आता रुग्ण टेबलावर मरत नव्हते, जखमाही चिघळत नव्हत्या. पण काही रुग्णांच्या बाबतीत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काही वेगळंच सुरू होई. आधी ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येत. मग हाताची बोटं एकत्र येऊन ताठ होत, मनगट आत वळे, पायांत गोळे येत. काहींचा घसा आवळला जाई आणि पाहता पाहता आचके येऊन माणूस जाई. बिलरोट यांचे सहायक अँटोन व्हॉल्फ्लर यांनी १८७९ साली याची नोंद केली. पुढच्या वर्षी नाथान वाइस यांनी असे आणखी रुग्ण मांडले. १८८० म्हणजे साँडस्ट्रोमचा निबंध छापून आला तेच वर्ष. दोन्ही कागद कुणी शेजारी ठेवून वाचले असते तर!

तिकडे बर्नमध्ये थिओडोर कोखर याच शस्त्रक्रियेत गुंतलेले होते. बिलरोट यांचा हात वेगवान, तर कोखर यांचा संथ आणि काटेकोर. एकेक रक्तवाहिनी बांधत, रक्ताचा थेंब सांडू न देता ते थायरॉईड आवरणातून अलगद सोडवून पूर्ण बाहेर काढत. त्यांच्या रुग्णांना आचके क्वचितच येत. रुग्ण बरे होऊन घरी जात आणि कोखर पुढच्या रुग्णाकडे वळत.

१८७४ साली त्यांनी अकरा वर्षांच्या एका मुलीची थायरॉईड पूर्ण काढली होती. पुढे तिच्या गावच्या डॉक्टरने कळवलं की मुलगी पार बदलली आहे, मंद झाली आहे. १८८२ च्या सप्टेंबरात जिनिव्हात झॅक-लुई रव्हर्दँ या शल्यविशारदाने कोखर यांना आपल्या रुग्णांमध्येही असंच काही दिसत असल्याचं सांगितलं. तेव्हा कोखर यांनी जे केलं ते, माझ्या मते, त्यांच्या हजारो यशस्वी शस्त्रक्रियांहून मोठं आहे. ज्यांची थायरॉईड पूर्ण काढली होती अशा जुन्या रुग्णांना त्यांनी पत्रं लिहून परत बोलावलं. ३४ पैकी १८ जण तपासणीसाठी आले. त्यांतले १६ जण सुजलेल्या चेहऱ्याचे, थंडीने कुडकुडणारे, बोलताना शब्द शोधणारे, बुद्धीने मंदावलेले होते. ती मुलगीही आली होती. तिची वाढ खुंटली होती. धाकटी बहीण उंचीत तिच्या पुढे गेली होती. दोघींचं शेजारी उभं राहून काढलेलं छायाचित्र कोखर यांनी स्वतः प्रसिद्ध केलं. १८८३ च्या एप्रिलमध्ये बर्लिनला जर्मन शल्यविशारदांच्या अधिवेशनात त्यांनी सगळ्यांपुढे सांगितलं की माझ्या शस्त्रक्रियेने हे झालं आहे, आणि साध्या गलगंडासाठी थायरॉईड पूर्ण काढण्याचं काम त्यांनी थांबवलं. आपल्या हातून झालेलं नुकसान असं भर सभेत मांडणारा मोठा सर्जन तेव्हाही विरळा होता, आजही आहे. थायरॉईड ही बिनकामाची ग्रंथी नाही, तिच्यावाचून शरीर आणि बुद्धी दोन्ही खुरटतात, हे जगाला कळलं ते यातून. १९०९ साली कोखर यांना नोबेल मिळालं. १९१२ पर्यंत त्यांच्या गलगंडाच्या शस्त्रक्रिया ५,००० च्या घरात गेल्या होत्या आणि मृत्यूचं प्रमाण दोनशेत एकाच्या आसपास आलं होतं.

पण शस्त्रक्रिया एकच असताना बिलरोट यांच्या रुग्णांना आचके का येत आणि कोखर यांच्या रुग्णांना मंदपणा का येई? हे कोडं पुढे अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सचे विल्यम हॉलस्टेड यांनी उलगडलं. त्यांनी दोघांनाही शस्त्रक्रिया करताना प्रत्यक्ष पाहिलं होतं. बिलरोट यांच्या पद्धतीत घाईमुळे थायरॉईडचे तुकडे आत राहून जात, म्हणून मंदपणा टळे; पण आजूबाजूचं ऊतक, म्हणजे मागच्या अंगाचे ते चार दाणे, ओढीत निघून येत किंवा त्यांचा रक्तपुरवठा तुटे. कोखर थायरॉईडचा कणही मागे ठेवत नसत, पण आवरणाबाहेरच्या कशालाही धक्का लावत नसत. त्यामुळे त्यांच्या रुग्णांचे दाणे शाबूत राहत. दोन सर्जनांच्या हातांच्या सवयींनी दोन वेगळ्या ग्रंथींची कामं उघडी केली होती, आणि तरीही त्यांतल्या दुसऱ्या ग्रंथीचं नाव त्या दोघांनाही ठाऊक नव्हतं.

प्रयोगशाळेतही असाच गोंधळ चालला होता. थायरॉईड काढली की कुत्री आचके येऊन मरत. ससे मात्र खुशाल जगत. यावर वर्षानुवर्षं वाद झाले. १८९१ साली पॅरिसमध्ये यूजेन ग्ले यांनी सशाचा गळा पुन्हा नीट पाहिला आणि थायरॉईडपासून दूर, सुट्या बसलेल्या दोन ग्रंथी त्यांना सापडल्या. त्या काढल्यावर ससेही मरू लागले. कुत्र्यात या ग्रंथी थायरॉईडला चिकटलेल्या असल्यामुळे तिच्याबरोबर निघून येत होत्या, सशात मागे राहत होत्या. मग ग्ले यांच्या हाती साँडस्ट्रोमचं काम आलं आणि त्यांनी त्याचं श्रेय त्याला दिलं. साँडस्ट्रोमला जाऊन दोन वर्षं झाली होती. १८९६ साली इटलीत मोडेना इथे व्हास्साले आणि जेनेराली यांनी थायरॉईडला हात न लावता फक्त पॅराथायरॉईड काढून दाखवल्या. प्राणी आचके येऊन मेले, आणि शंकेला जागा उरली नाही.

आचके का येतात, याचं उत्तर १९०९ साली जॉन्स हॉपकिन्समध्येच विल्यम मॅककॅलम आणि कार्ल फोग्टलिन यांना मिळालं. पॅराथायरॉईड काढलेल्या कुत्र्यांच्या रक्तात कॅल्शियम घटलेलं होतं. शिरेतून कॅल्शियमचा क्षार दिला की आचके थांबत, तेही काही मिनिटांत. आपल्या शरीरात किलोभर कॅल्शियम असतं, त्यातलं ९९ टक्के हाडांत आणि दातांत. रक्तात फिरतं ते अगदी थोडं, पण स्नायूंचं आकुंचन, मज्जातंतूंचे संदेश, हृदयाचे ठोके यांचा तोल त्या थोड्याशावर असतो. ते जरा घटलं की मज्जातंतू विनाकारण पेटतात. पॅराथायरॉईडचं काम हा तोल राखण्याचं. रक्तातलं कॅल्शियम उतरलं की त्या आपला स्राव सोडतात. तो स्राव हाडांतून कॅल्शियम काढून आणतो, मूत्रपिंडाला ते बाहेर जाऊ द्यायला मनाई करतो आणि ड जीवनसत्त्व कार्यक्षम करून आतड्यांकरवी अन्नातलं कॅल्शियम शोषून घ्यायला लावतो.

हे कळल्यावर पुढचा प्रश्न आपोआप पडायला हवा होता. ग्रंथी कमी पडली तर आचके येतात, मग ती जास्त काम करू लागली तर? हाडं पोखरून जाण्याचा, त्यांत पोकळ्या होऊन ती सहज मोडण्याचा एक आजार १८९१ पासून फोन रेक्लिंगहाउसेन यांच्या नावाने ओळखला जात होता. व्हिएन्नाचे जेकब एर्डहाइम यांना हाडं मऊ पडलेल्या रुग्णांच्या शवविच्छेदनात पॅराथायरॉईड सुजलेल्या आढळल्या. हाडं बिघडली म्हणून ग्रंथी बिचाऱ्या जास्त राबून सुजल्या असणार, असा अर्थ त्यांनी लावला. मऊ हाडांच्या रुग्णांपुरता तो बरोबर होता, पण रेक्लिंगहाउसेनच्या आजारालाही तो सरसकट लावला गेला आणि त्यामुळे अशा रुग्णांना आणखी पॅराथायरॉईड देण्याचा उलटा उपाय सुरू झाला. १९१५ साली व्हिएन्नातच फ्रीडरिख श्लागेनहाउफर यांनी विचारलं की चारांपैकी एकच ग्रंथी सुजलेली असेल, तर दोष हाडांचा कसा? ती ग्रंथी काढून पाहा, असं त्यांनी सुचवलं. युद्धाच्या धामधुमीत ते कुणी मनावर घेतलं नाही.

दहा वर्षांनी ते घडलं. व्हिएन्नाच्या ट्रामवर काम करणारा एक कंडक्टर, वय तिशीच्या पुढे, हाडं इतकी ठिसूळ झालेली की मांडीचं हाड मोडलं होतं आणि कुबड्यांशिवाय हलता येत नव्हतं. फेलिक्स मांडल या तरुण सर्जनने आधी रूढ समजुतीप्रमाणे त्याला पॅराथायरॉईडचा अर्क दिला, मग अपघातात मेलेल्या माणसाच्या ग्रंथींचं त्याच्यात रोपणही केलं. काहीच सुधारलं नाही. तेव्हा मांडल यांनी उलट दिशेने विचार केला. १९२५ च्या जुलैमध्ये त्यांनी कंडक्टरचा गळा उघडला आणि त्यांना पॅराथायरॉईडची एक मोठी गाठ सापडली. ती काढल्यावर लघवीतून वाहून जाणारं कॅल्शियम आटलं, वेदना थांबल्या, हाडं पुन्हा भरू लागली, माणूस चालू लागला. काही वर्षांनी आजार उलटला आणि त्यातच तो गेला, पण तोवर एर्डहाइमची समजूत मोडीत निघाली होती. ज्यू असल्यामुळे मांडल यांना १९३८ साली व्हिएन्ना सोडून जेरुसलेम गाठावं लागलं; युद्ध संपल्यावर ते परतले.

कंडक्टरवर शस्त्रक्रिया झाली त्याच सुमारास कॅनडात जेम्स कॉलिप यांनी बैलांच्या पॅराथायरॉईड ग्रंथींपासून त्यांच्या स्रावाचा परिणामकारक अर्क तयार केला. इन्सुलिन शुद्ध करण्यात वाटा असलेले हेच ते कॉलिप. अमेरिकेत मिनेसोटातले अॅडॉल्फ हॅन्सन यांनीही स्वतंत्रपणे, किंबहुना किंचित आधीच, हे साधलं होतं.

आणि मग कॅप्टन चार्ल्स मार्टेल. अमेरिकेच्या व्यापारी जहाजांवरचा हा धिप्पाड दर्यावर्दी, उंची ६ फूट १ इंच. १९१९ च्या सुमारास त्याची हाडं दुखू लागली, नंतर मोडू लागली. पाठीचे मणके दबत गेले, छाती पुढे आली, मान खांद्यांत रुतली. १९२६ पर्यंत त्याची उंची सात इंचांनी घटली होती. कपडे जुनेच होते, त्यांतला माणूस आक्रसला होता. लघवीतून पांढरी खर जाई, मुतखडे होत. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात यूजीन ड्युबॉय यांनी रक्तातलं कॅल्शियम वाढलेलं पाहून निदान केलं: पॅराथायरॉईडचा अतिरेक. अमेरिकेतलं हे या आजाराचं पहिलं निदान. त्याला बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये पाठवण्यात आलं. १९२६ सालीच तिथे त्याचा गळा दोनदा उघडला गेला. रोगट ग्रंथी सापडली नाही, निरोगीच निघाली. पुढे न्यूयॉर्कला पुन्हा एकदा. तीच गत. १९३२ मध्ये तो बॉस्टनला परतला आणि गळ्यावर आणखी शस्त्रक्रिया झाल्या.

एव्हाना मार्टेल स्वतः या विषयाचा विद्यार्थी झाला होता. हार्वर्डच्या ग्रंथालयात बसून तो शरीररचनेची पुस्तकं वाचत असे. गळ्यात नाही, तर ती कुठे असू शकते? गर्भात खालच्या दोन पॅराथायरॉईड छातीतल्या थायमस ग्रंथीबरोबर एकाच जागी जन्मतात आणि तिच्याबरोबर खाली सरकतात. बहुतेकदा त्या गळ्यात थांबतात, कधी मात्र थायमसच्या संगतीने छातीत उतरतात. मार्टेलने आग्रहच धरला की माझी छाती उघडून पाहा. तरुण सर्जन ऑलिव्हर कोप यांनी शवागारात एकेक प्रेत उकलून या ग्रंथी ओळखायचा सराव केला होता. २ नोव्हेंबर १९३२ रोजी, सातव्या शस्त्रक्रियेत, कोप आणि एडवर्ड चर्चिल यांनी छातीचं हाड दुभंगून आत पाहिलं. गाठ तिथेच होती, सुमारे तीन सेंटीमीटरची. एकदम सगळी काढली तर कॅल्शियम कोसळेल म्हणून त्यांनी थोडा भाग रक्तवाहिनीसकट ठेवला. तरीही तीन दिवसांत आचके सुरू झाले. उपाशी हाडं कॅल्शियम ओढून घेत होती. उपचारांनी ते आवरलं, पण मूत्रवाहिनीत एक खडा अडकला आणि त्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेनंतर, गाठ निघून सहा आठवडे झाले असताना, मार्टेल गेला.

त्याची सगळी कागदपत्रं जपली गेली. या आजारावर काम करणाऱ्या प्रत्येकाला मार्टेलचं नाव ठाऊक असतं. सहा वेळा निराश होऊनही तो सातव्यांदा टेबलावर चढला तो आपण बरं व्हावं म्हणून, हे खरंच. पण आपल्या आजाराचं उत्तर आपल्याच शरीरात शोधण्याची त्याची जिद्द मला एखाद्या संशोधकाच्या तोडीची वाटते.

बॉस्टनमध्ये मार्टेलवर उपचार करणाऱ्यांत फुलर अल्ब्राइट हे तरुण डॉक्टर होते. त्यांनी या अनुभवातून पुढचं पाऊल टाकलं. इतक्या मोडलेल्या हाडांची वाट का पाहायची? मुतखड्याच्या साध्या रुग्णांचं रक्त तपासू या. १९३० च्या दशकात त्यांनी असा शोध सुरू केला आणि हाडं धडधाकट असलेल्या, फक्त वारंवार खडे होणाऱ्या लोकांमध्येही हा आजार निघू लागला. दुर्मीळ म्हणून गणलेला रोग दुर्मीळ नव्हता. तो पाहिला जात नव्हता. १९६३ साली सॉलोमन बर्सन आणि रोझलिन यालो यांनी रक्तातला पॅराथायरॉईडचा स्राव, म्हणजे तिचं संप्रेरक, मोजण्याची पद्धत दिली. १९७० च्या दशकात रक्ताच्या साध्या तपासणीत यंत्रावर कॅल्शियमही आपोआप मोजलं जाऊ लागलं, आणि पाश्चात्त्य देशांत अशा रुग्णांची संख्या एकाएकी कित्येक पटींनी वाढली. आता तिथे बहुतेकांचं निदान काहीही त्रास सुरू होण्याआधीच होतं. हाडं पोखरणारं हेच संप्रेरक रोज थोड्या मात्रेत टोचलं तर हाड बांधतं, हेही कळलं. २००२ पासून अमेरिकेत त्याचा एक अंश हाडांच्या ठिसूळपणावर औषध म्हणून वापरला जातो.

आपल्याकडे चित्र वेगळं आहे. भारतातल्या मोठ्या रुग्णालयांनी प्रसिद्ध केलेले अभ्यास वाचले की मार्टेल आणि तो कंडक्टर पुन्हा भेटतात. आपले रुग्ण पाश्चात्त्य रुग्णांपेक्षा तरुण असतात, आणि निदान होईतो त्यांची हाडं मोडलेली असतात, खडे होऊन मूत्रपिंड खराब झालेलं असतं, कधी स्वादुपिंड सुजलेलं असतं. ड जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास असल्याने हाडांची हानी आणखी वाढते. अंगदुखीला संधिवात म्हटलं जातं, थकव्याला वय किंवा काळजी म्हटलं जातं, मुतखडा फोडून घरी पाठवलं जातं आणि तो का झाला हे विचारायचं राहून जातं. हे मला असह्य वाटतं, कारण बहुतेक रुग्णांत दोष एकाच ग्रंथीत असतो आणि ती काढली की माणूस बरा होतो. उपाय शंभर वर्षांपूर्वीचा आहे, तपासणी स्वस्त आहे, आणि तरी माणसं वर्षानुवर्षं कण्हत राहतात.

म्हणून वाचकांना दोन गोष्टी कळकळीने सांगायच्या आहेत. घरात कुणाला पुन्हा पुन्हा मुतखडा होत असेल, किरकोळ पडण्याने हाड मोडलं असेल, हाडं सतत दुखत असतील, तर डॉक्टरांना रक्तातलं कॅल्शियम तपासायला सांगा. ते वाढलेलं निघालं तर पॅराथायरॉईडच्या संप्रेरकाची तपासणी आवर्जून करून घ्या. आणि थायरॉईडची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाच्या ओठांभोवती किंवा बोटांना मुंग्या येऊ लागल्या, हात आखडू लागले, तर अशक्तपणा म्हणून सोडून देऊ नका, सकाळपर्यंतही थांबू नका. त्याच घटकेला रुग्णालय गाठा.